नावाचा रकाना

“आई, तुला मुलं किती?” हेमलतानं मान वर न करता विचारलं, आणि अंजनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, “तीन.”

शेंग दाबली की एखादा दाणा हातात न येता टुणकन उडतो आणि पलंगाखाली जातो, तसा तो आकडा उडाला. मांडीवर परात, परातीत पाटनकडचा कोवळा मटार, आणि समोर टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली चव्वेचाळीस वर्षांची लेक. तिची बोटं थांबली.

“दोन, आई. मी न श्रीपाददादा.”

“माहीत आहे तर विचारून काहून राहिली?”

“अगं, टेस्टिंग आहे. घरचीच माहिती भरून पाहून राहिली, बरोबर घेते का नाही. पण तू तीन काहून म्हणाली?”

“शेंगा मोजून राहिली होती.”

“शेंगा कोणी मोजते का?”

“मी मोजते. तुम्ही शिकलेल्या लोकांनी आमच्यासाठी दुसरं मोजायला ठेवलं काय? कर आपलं काम.”

हेमलता हसली, “चलो, दोन,” म्हणाली आणि पुन्हा टकटक सुरू झाली. अंजनीबाईंनी शेंग घेतली, सोलली, दाणे कचऱ्यात टाकले आणि टरफल परातीत. ध्यानात आलं तेव्हा उचलून अदलाबदल केली. बावन्न वर्षांत हा आकडा तोंडातून एकदाही सटकला नव्हता. रेशन कार्डवाले आले, शिरगणतीचे मास्तर आले, सोयरे, शेजारणी, दवाखान्यातल्या नर्सा, सगळ्यांनी विचारलं. आणि ‘दोन’ म्हणून अंजनीबाई ठणकावून सांगत आल्या, विचारणाऱ्याला वाटावं की आपणच काही चुकीचं विचारलं. एकाहत्तरच्या शिरगणतीत तर श्रीपादही नव्हता. दारात टोपीवाले मास्तर, हातात मोठाले कागद. “बच्चे?” त्यांनी विचारलं होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, “अजून नाही,” आणि बाविशीतल्या अंजनीनं मान हलवली होती, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं होतं, काही खाल्लं नसताना चूळ भरली होती. ती चूळ आज जिभेवर आली. बावन्न वर्षांची शिळी, थंड, तांब्याच्या चवीची.

अंजनीबाईंचे यजमान बाबाराव गेले, त्यामागून ती महामारी आली, ऑफिसवाल्यांनी घरूनच काम करा म्हणून सांगितलं, आणि हेमलता बंगलोरहून उठून जबलपुरात अधारतालच्या या घरी आली. समोरची खोली तिनं बळकावली. पगाराचं काम पाचपर्यंत, आणि त्यानंतर बिनपगारी. हे दुसरं काय आहे ते समजून घ्यायला अंजनीबाईंना सहा महिने लागले होते, आणि समजल्यावर आणखीच राग आला होता. पोरगी ज्या भाषेत मशीनला कामं सांगते, ती भाषा लिहिणारे लोक म्हणे जगभर पसरलेले. कोणी कोणाचा सोयरा नाही, जात नाही, गोत नाही. भाषा एक, एवढ्यावर जमतात, पडद्यावर एकमेकांची तोंडं पाहतात, भांडतात, रुसतात, पुन्हा येतात. ‘तुझी पंचायत’ म्हणत अंजनीबाई. ही पंचायत नियम करते. दवाखाना असो, शाळा असो, कुठंही माणसाची माहिती भरली की ती खरी दिसते की खोटी, हे मशीननं कसं ओळखायचं, त्याचे नियम. जन्माची तारीख उद्याची नको. मरण जन्माच्या आधी नको. वयात उणे नको. नाव रिकामं नको. एकदा नियम ठरला की त्या भाषेचे सगळे लोक तो उचलतात, फुकट, आणि हजार गावच्या हजार फॉर्मांत तो जाऊन बसतो. “आणि तुला काय मिळते?” अंजनीबाईंनी विचारलं होतं. “माझं नाव राहते ना आई त्याच्यात.” “लग्न केलं असतं तर पत्रिकेतही राहिलं असतं.” यावर हेमलता पुन्हा पडद्याकडे वळली होती. पंचायतीत ती फार बोलते. बंद दाराआडून ऐकू येतं. घरात आईसमोर तिला शब्द सापडत नाहीत, मराठी अर्ध्यावर सोडून ती हिंदीवर जाते, आणि तिथूनही उठून त्या खोलीत.

भाषेवरून माणसं जमतात, यात अंजनीबाईंना नवल नव्हतं. त्या मोर्शीहून लग्न होऊन आल्या तेव्हा कारखान्याच्या क्वार्टरांत एका ओळीत सात घरं वऱ्हाडची होती. सासरे आले होते तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात. मग राज्यं नव्यानं वाटली गेली, माहेर एका राज्यात राहिलं आणि सासर दुसऱ्यात पडलं. सासरे म्हणत, “आपण कुठं गेलो नाही, रेघच आपल्या आंगणातून गेली.” तरी त्या सात घरांत संध्याकाळी ज्वारीची भाकर थापल्याचा आवाज एकदमच यायचा. आता गल्लीत ‘काहून’ म्हणणारं दुसरं तोंड नाही. श्रीपाद रायपूरला रेल्वेत. त्याचा पोरगा फोनवर ‘दादी, कैसी हो’ म्हणतो, मराठी कळते त्याला, बोलायची म्हटली की लाजतो. सात घरांतल्या त्या बायका कोणी गेल्या, कोणी लेकांकडे पुण्या-नागपूरला गेल्या. त्यांच्यातल्या पुष्पानं ती पाहिली होती, ती तिसरी. पुष्पानं तिला न्हाऊ घातलं होतं. पुष्पाही आता नाही. म्हणजे ती होती हे माहीत असलेलं जगात एकच माणूस उरलं, आणि ते इथं मटार सोलत बसलं. हा विचार अंजनीबाईंना याआधी आला नव्हता. परातीतला हात तसाच राहिला. आपण गेलो की ती दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी तिला नदीपर्यंत न्यायलाही कोणी नसेल.

नऊ दिवस. थंडीचे दिवस होते, कारखान्याचा भोंगा सकाळी धुक्यातून यायचा तो ओला होऊन आल्यासारखा. बाबाराव तपासणी खात्यात होते. त्यांचं काम दोन तोंडांच्या गेजचं. पुर्जा एका तोंडातून गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाही तर लाल पेटीत. दिवसभर हेच. या माणसाला बोलायची सवय नव्हती, त्याच्या धंद्यात दोनच शब्द लागत. पाचव्या दिवशी पूजा झाली, सासूबाई पाठ फिरवून समया विझू नयेत म्हणून वाती सारत होत्या, तेवढ्यात बाबाराव दारातून आत आले, शिवाशिव विसरले, वाकले आणि आपल्या तेल मुरलेल्या दोन बोटांच्या मधे त्यांनी तिचं मनगट धरलं. धरलं काय, नुसतं मापलं. “पास,” म्हणाले. हळूच. “एकदम पास.” तिनं बोट पकडलं होतं त्यांचं. सासूबाई वळल्या तशी ते बाहेर गेले. चार दिवसांनी, दुपारचा भोंगा झाला तेव्हा, ती दूध ओढता ओढता थांबली. झोपली असेल असं वाटलं. किती वेळ असंच वाटत राहिलं, याचा हिशेब अंजनीबाईंनी कधी लावला नाही.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. आत्या यायची होती नाव कानात सांगायला. तिचं पत्र आलं होतं, गाडी कोणती ते लिहिलेलं. “नाव ठेवलं नाही ते बरंच झालं,” सासूबाई म्हणाल्या, त्यांच्यापरीनं मायेनंच. “नाव ठेवलं की ओढ लागते, बाई.” पुरुष तिला फडक्यात गुंडाळून ग्वारीघाटाच्या पुढं नर्मदेकाठी घेऊन गेले. इतक्या लहानांना जाळत नाहीत. बायकांनी जायचं नसतं. अंजनीबाई घरात बसल्या होत्या आणि चोळी भिजत होती. दूध थांबेना. अंगाला कोणी कळवलं नव्हतं. पुढं आठवडाभर ठरल्या वेळेला दूध यायचं, भोंग्यासारखं, आणि पुष्पा कोबीची पानं आणून बांधायची. तीन दिवसांच्या रजेनंतर बाबाराव कामावर गेले. जन्माची नोंद करायची राहिली होती, ती राहूनच गेली, आणि जन्मच नोंदला नाही तर मरण कुठून नोंदणार? पन्नास वर्षांच्या संसारात त्या दोघांत तिचं नाव काढायची सोय नव्हती, कारण काढायला नाव नव्हतं. म्हातारपणी एकदा, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून पडलेले असताना, बाबाराव मधेच म्हणाले, “आता तिलाही चष्मा लागला असता.” कोणाला, हे अंजनीबाईंनी विचारलं नाही. “हो,” म्हणाल्या, आणि त्यांच्या उशाखाली रुमाल सारला.

परात घेऊन त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, परात ठेवली आणि तशाच परत आल्या.

“लिही,” म्हणाल्या. “तीनच लिही.”

हेमलतानं या वेळी मान वर केली. आईचा चेहरा पाहून ती खुर्चीत सरळ झाली. “काय झालं आई?”

“तुम्हा दोघांच्या आधी एक होती. मुलगी. नऊ दिवसांची होऊन गेली. लिही.”

पुढचं बोलणं फार झालं नाही. हेमलता उठून जवळ आली, खांद्यावर हात ठेवायला गेली, अंजनीबाईंनी हात बाजूला केला. “रडायचं असेल तर नंतर रड. माझं झालं आहे रडून. आधी लिही.” ती बसली. तिनं एकच अक्षर दोनदा चुकून पुसलं हे अंजनीबाईंनी पाहिलं, आणि त्यांना बरं वाटलं, वाईट वाटायच्या आधी. हेमलतानं फॉर्म मराठीतच केलेला होता. अंजनीबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, मोठी अक्षरं लावून लावून वाचत. नातं: मुलगी. मग नाव.

“नाव?”

“ठेवलं नव्हतं.”

हेमलता पुढच्या रकान्यात गेली. मशीननं जाऊ दिलं नाही. रकान्याभोवती लाल रेघ आली. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि झटकन काही लिहिलं, सवयीनं, चालता चालता पायातला खडा झटकावा तसं. लाल रेघ गेली. अंजनीबाईंनी चष्मा सारखा केला. बाबाराव, अंजनी, श्रीपाद, हेमलता. त्याखाली आणखी एक.

“टे… टेस्ट,” त्यांनी वाचलं. “हे काय?”

“काही नाही आई. पुढं जाता यावं म्हणून आम्ही लोक असंच काहीतरी लिहितो. सगळेच लिहितात. नंतर काढून टाकायचं.”

“नंतर काढून टाकायचं,” अंजनीबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मटार निवडून झाला होता, तो त्यांनी पुन्हा निवडला. दोन दिवस लेकीशी ताटापुरतंच बोलल्या, ‘घे’ आणि ‘पुरे’. हेमलतानं तो शब्द पुसला, ‘बाळ’ लिहून पाहिलं, ‘मुलगी’ लिहून पाहिलं, आईला येऊन सांगितलं. “काही लिहायचं नाही,” अंजनीबाई म्हणाल्या. “बावन्न वर्षं जी बिननावाची राहिली तिला तुझ्या डब्यासाठी नाव ठेवू? पुजारी कोण, तो डबा? आहे तशी घ्यायची तर घ्या म्हणावं.”

“पण रिकामं घेत नाही ना आई ते.”

“काहून घेत नाही? कोण्या शहाण्यानं केला हा नियम?”

हेमलता ओट्याला टेकली. मग म्हणाली, “मी.”

ओट्यावरची गॅसची ज्योत अंजनीबाईंनी उगाच बारीक केली.

“सहा वर्षं झाली. दवाखान्यात कारकून लोक नावं रिकामी सोडून देत होते. कोणाचा रिपोर्ट कोणाला जाऊन राहिला होता. मीच भांडून भांडून नियम करवला. नाव रिकामं राहिलं की माणूस हरवते, असं मी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर.” ती हसायला गेली. “फार टाळ्या पडल्या होत्या, यार.”

“बरोबरच आहे तुझं,” अंजनीबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “पण ती हरवली नाही. मला माहीत आहे ती कुठं आहे.”

रविवारी चार वाजता पंचायत बसली. हेमलतानं आईला बोलावलं नव्हतं. अंजनीबाई आपली खुर्ची घेऊन स्वतःच येऊन बसल्या, नवं लुगडं नेसून. पडद्यावर खिडक्या-खिडक्यांतून तोंडं. एका पांढऱ्या केसांच्या बाईमागं सकाळचं ऊन होतं, म्हणजे तिच्याकडे आत्ता सकाळ, एवढं त्यांना कळलं. हेमलता इंग्रजीत बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण लेकीचा आवाज दोनदा चिरकला ते कळलं, आणि चिरकल्यावर तिनं पाणी न पिता पुढचं बोलून टाकलं, तेही कळलं. ही आपल्यावर गेली. मग एका खिडकीतला टक्कल पडू लागलेला माणूस मान हलवून हलवून बोलायला लागला. नाही म्हणत होता. नाहीची मान कुठल्याही भाषेत ओळखू येते.

“हा कोण?”

“चंद्रशेखर. नागपूरचा आहे.”

“अच्छा! नागपूरचा आहे तर मराठीत नाही म्हण म्हणावं.”

तो माणूस दचकला, मग हसला. “नमस्कार काकू. तसं नाही हो. मला तुमचं दुःख समजून राहिलं. पण एकदा रिकामं चालू दिलं ना, तर उद्या सगळे आळशी लोक रिकामंच सोडतील. कोणाचं खरंच नाव नाही आणि कोणी नुसतं लिहिलं नाही, हे ओळखायचं कसं?”

बोलणं चोख होतं. अंजनीबाईंना चोख बोलणं आवडे, शत्रूचं असलं तरी. त्यांनीही घर चालवलं होतं. एकाला सैल सोडलं की दहा जण सैल होतात, हे त्यांना या टकल्यानं शिकवायची गरज नव्हती. त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला.

“तुमच्या घरी ताट वाढलं आणि कोणी जेवायला बसलं नाही, तर तुमची आई काय करते?”

“काय करते… विचारते, काहून बसला नाही म्हणून.”

“बस. तेच. रिकामं ताट दिसलं म्हणून मी काही कोणाच्या तोंडात बळंच घास कोंबला नाही. आणि सोडूनही दिलं नाही. विचारलं. उपास आहे का, रुसला आहे का, बाहेरून खाऊन आला का. आळशी असेल त्याला सांगता येत नाही. खरं असेल तो सांगते. तुम्ही लोक घास कोंबता, म्हणून पोरी ‘टेस्ट’ लिहितात.”

हेमलतानं ते इंग्रजीत सांगितलं, थांबत थांबत. पांढऱ्या केसांच्या बाईनं आपला चष्मा काढला आणि काहीतरी लांबलचक विचारलं. “काय म्हणते?” “ताटाचं पुन्हा सांग म्हणते.” “एकदा सांगितलं ते पुरे,” अंजनीबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

पंचायत ती पंचायतच, तीन आठवडे घोळ चालला. रोज पाचनंतर हेमलता दार उघडं ठेवून बोलायची. आता ते दार उघडं असे, हे अंजनीबाईंनी टिपलं होतं, बोलल्या नव्हत्या. आणि त्या दिवसांत घरात एक चमत्कारिक गोष्ट झाली. नऊ दिवसांची ती मोठी व्हायला लागली. स्वयंपाक करता करता अंजनीबाईंच्या मनात यायचं, ती असती तर ही भाजी तिच्या सासरची असती, जरा गोडसर. हिच्यासारखी नसती ती. नाकासमोर चालणारी असती. का हिच्याहून हट्टी? बावन्न वर्षांच्या बाईचे पाय संध्याकाळी दुखतात, तिनं महाराजपूरच्या कुठल्याशा नव्या घराच्या ओसरीत पाय पसरले असते, आणि म्हणाली असती, आई, तू थकली आता, सोड ते. त्यांना तिचा आवाज ऐकू येईना. एवढंच ऐकू येत नव्हतं. बाकी सगळी ती दिसत होती, चष्म्यासकट. आणि मनगट, तेवढंच, दोन बोटांत मावणारं. ते काही केल्या मोठं होईना.

मग एक दिवस हेमलता धावतच आली. “झालं आई! चंद्रशेखरनंही हो म्हटलं. नाव रिकामं चालते आता. फक्त कारण सांगावं लागते. तू म्हणाली तसंच. चल, पाहा.”

अंजनीबाईंनी हात पुसले, खुर्ची ओढली. नातं: मुलगी. नाव: रिकामं. लाल रेघ आली नाही. त्याखाली एक नवी पट्टी उघडली, कारणं एकाखाली एक. हेमलतानं वाचून दाखवलं. “माहीत नाही. अजून ठेवलं नाही. सांगायचं नाही. बस, तीनच ठेवली. तुझं हे मधलं.” आणि तिचं बोट मधल्यावर गेलंच.

“थांब,” अंजनीबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला. तिन्ही ओळी स्वतः वाचल्या, अक्षर लावून लावून. पहिली. दुसरी. तिसरी. दुसरी पुन्हा एकदा. घरानं ठेवलं नव्हतं, हे खरं. आत्या आली नाही, पाळणा टांगला नाही, कोणाच्या कानात कोणी काही सांगितलं नाही. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. पण नऊ दिवस, दिवसातून आठदा-दहादा, पदराखाली, सासूबाई पाठमोऱ्या असताना, एक बाविशीची पोर तिच्या टाळूवर ओठ टेकवून तिला एका नावानं हाक मारत होती. ते बाबारावांनाही ठाऊक नव्हतं.

“मधलं नाही,” अंजनीबाई म्हणाल्या. “खालचं कर.”

हेमलताचं बोट हवेतच राहिलं. तिनं आईकडे पाहिलं. विचारलं मात्र नाही. अंजनीबाईंनी पाहिलं की तिनं विचारलं नाही. मग तिनं बोट खाली आणलं आणि तिसऱ्या ओळीवर टेकवलं.

“घेतलं का?”

“घेतलं, आई.”

“मग पुढचं विचार,” अंजनीबाई म्हणाल्या. “तारीख, वार, वेळ, सगळं सांगते.”